आकसायची सूट

सीपीआरच्या ओपीडीत, कोपऱ्यातल्या खोलीत
डॉक्टर मुजावर बाईंनी विचारलं,
एक ते दहामध्ये सांगा, मनाला कसं वाटतंय?
म्हटलं, दहाचं मला जमत नाही,
फुटांत सांगू का?
त्यांचं माहेर शिरोळचं.
पेन थांबलं. सांगा, म्हणाल्या.

बेचाळीस. राजाराम बंधाऱ्यावर.
इशारा कधीच ओलांडलाय,
धोक्याला एक फूट कमी,
आणि वरनं विसर्ग चालूच आहे.

त्यांनी कागदावर तसंच लिहिलं, बेचाळीस.

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
सागवानाचा आकार वाळूत दाबायचा,
अलगद काढून घ्यायचा,
राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं.
लोखंड निवताना आकसतं.
म्हणून आमची फूटपट्टीच वेगळी,
शंभराला एक जादा.
मग कॉम्प्युटरवर कापणारं यंत्र आलं.
मालकांनी शाल दिली,
आणि नारळ. दोन्ही अर्थांनी.

त्या पट्टीवर माणसाची सूट नव्हती.
मी निवत गेलो,
घरातल्या माझ्याच जागेत
खडखडायला लागलो.
मालन ताट झाकून ठेवायची,
संध्याकाळी झाकलेलंच उचलायची.

सकाळी उठता कशासाठी? बाईंनी विचारलं.
लघवीला, म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
मीही विनोद केला नव्हता.

गोळ्यांनी झोप यायची, तीनला मोडायची.
मग चालत सुटायचो, गल्ली नेईल तिकडं.
असाच एकदा गंगावेशीत, दूध कट्ट्यावर.
अंधारात म्हशी वाफ सोडत उभ्या.
हौसाक्काचा पोरगा आला नव्हता,
रेडकू सारखं आचळाला भिडत होतं,
ती कोपरानं ढकलत होती.
माझ्याकडं न बघताच म्हणाली,
ओ, मोकळंच हायसा न्हवं?
दावं धरा की जरा.

मोकळंच.
धरलं.
रेडकानं हिसका दिला, तळहात सोलला.
चरवीत धार आधी पत्र्यावर वाजली,
मग दुधावर, मग फेसावर.
आवाज जाड होत गेला.
त्या दहा मिनिटांत
मी दुसरं काहीच ऐकलं नाही.
तिनं पेला पुढं केला, कोमट,
मिशीला फेस लागला.
पैसे घेतले नाहीत.
उद्या येताय न्हवं?

उद्या.
कितीतरी महिन्यांत हा शब्द
माझ्यासमोर कुणी
असा नुसता कामासाठी वापरला नव्हता.

गेलो. परवाही गेलो.
मध्ये चार दिवस नाही,
पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून होतो,
पाणी त्रेचाळीसच्या वर होतं.
पाचव्या दिवशी ती एवढंच म्हणाली,
रेडकू वाट बघत हुतं तुमची.
खोटं. रेडकाला काय कळतंय.
पण त्या खोट्यावर मी आठवडा काढला.

तिचा डावा गुडघा वाकत नाही.
पाटावर बसताना तोंडातून आवाज येतो,
मग म्हशीलाच शिव्या देते.
तिच्यासाठी तिवई करतोय.
पेटीत सागवानाचा तुकडा होता,
मापाला पट्टी शोधली तर हाताला तीच लागली,
शंभराला एक जादा.
मालन म्हणाली,
तयार लाकूड आता काय आकसणार?
म्हटलं, लाकूड नाही गं.
ती काही बोलली नाही.
भुसा मात्र झाडला नाही, राहू दिला.

काल बाईंनी विचारलं, किती फूट?
चौतीस. उतरतंय.
मग राहवलं नाही म्हणून सांगितलं,
नदीच आहे ती बाई,
पावसाळा दरवर्षी येतो.
त्यांनी चौतीस लिहिलं.
गोळ्या चालू ठेवा, म्हणाल्या.

ठेवल्यात.
तिवईचा तिसरा पाय
अजून घासायचा राहिलाय.